इमारतीच्या निरोपाचा सैपाक

मी आचारी आहे, कॅटरर नाही. कॅटररकडे टोप्या घातलेली पोरं असतात आणि टेबलाला झालरी असतात. माझ्याकडे पितळेचे मोठे गंज आहेत, कढया आहेत, झारे आहेत आणि माझी जीभ आहे. शाळा मी तिसरीत सोडली, आणि त्याचा मला कधी कमीपणा वाटला नाही. अकोल्यात आणि अकोल्याच्या बाहेर मी लग्नं रांधली, साक्षगंध रांधले, बारसे रांधले, तेरव्या रांधल्या. पण चूल पेटवायच्या आधी मी घरधन्याला एक गोष्ट विचारतो. उत्तर मिळाल्याशिवाय काडी ओढत नाही. सैपाक सुखाचा की दुःखाचा?

लोकांना वाटते, यात विचारायचं काय? पण बुंदी लग्नालाही असते आणि तेरवीलाही असते. वांगे-आलूची भाजी दोन्हीकडे तीच, वरण तेच, पोळी तीच. फरक वाढण्यात आहे. सुखाच्या पंगतीत आग्रह करायचा. माणसानं पत्रावळीवर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढायचं. दुःखाच्या पंगतीत गुमान एक चक्कर मारायची. ज्यानं मागितलं त्याला द्यायचं, न मागेल त्याला विचारायचं नाही, हसायचं नाही, आणि चव कशी झाली हे कोणी सांगायला लागलं तर ऐकायचं नाही. हे मला माझ्या वस्तादानं शिकवलं, आणि वस्तादाच्या शब्दाबाहेर मी गेलो नाही.

मागच्या हिवाळ्यात मात्र असा सैपाक अंगावर आला की त्याचं उत्तर कोणालाच देता येईना. मलाही नाही.

माझी लेक अकोल्यात कॉलेजात शिकवते. जठारपेठेत ती माझ्याजवळ राहते. लोक सांगतात मी तिच्याजवळ राहतो, पण लोकांचं काय. ती शिकली अमरावतीला, विद्यापीठात. विषय दगडांचा. दगडात शिकायचं काय असते हे मला तेव्हा समजलं नव्हतं, आता थोडं समजते. लहान असताना ती सारखी विचारायची, आपल्या गावच्या विहिरीच्या पाण्यात वरण काहून शिजत नाही? मी म्हणायचो, पाणी खारं आहे म्हणून. ती म्हणायची, खारं काहून? पुढचं मला येत नव्हतं. मग ती जिथं येत होतं तिथं गेली.

तिचं डिपार्टमेंट मी कधी पाहिलं नव्हतं. ती बोलवायची, पण लेकीचं बोलावणं म्हणजे आवतन नाही. आवतन घरधन्यानं द्यावं लागते. त्या डिपार्टमेंटचा घरधनी कोण, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दर आठवड्याला एसटीनं डबा मात्र पाठवायचो. माझी वांग्याची भाजी म्हणे अर्धा वर्ग खायचा.

तर एक दिवस ती चहा घेऊन माझ्यापुढं बसली.

"बाबा, आमचं डिपार्टमेंट पाडून राहिले."

"काहून? पडाले आलं का?"

"नाई. नवीन बांधलं बाजूले. जुनं आता पाडतीन."

"मंग नवीनचं जेवन ठेवा."

"नवीनचं झालं उद्घाटन. आमाले जुन्याले निरोप द्याचा हाये. सगळे जुने पोट्टे-पोट्टी येऊन राहिले, पुण्याहून, नागपूरहून."

"निरोप? इमारतीले?"

"हव."

"ते आयकून राहिली का?"

ती हसली. मग खाली पाहत म्हणाली, "सैपाक माह्ये बाबा करतीन, असं मी ग्रुपवर सांगून बसली. बाकीचे कॅटररचं म्हनत होते. मी म्हनलं, ज्या हातचा डबा आपन खाल्ला, त्याच हातचं जेवन झालं पायजे. लय भांडली मी त्याच्यापाई. आता तुमी नाई नका म्हनू."

म्हणजे शब्द तिचा गेला होता आणि हात माझा होता. तिच्या बरोबरीच्या लोकांत कोणी साहेब झालं, कोणी खाणीवर मोठा अधिकारी. काही चुकलं तर ते माझ्या नावानं थोडीच बोलणार होते? तिच्या नावानं बोलणार. मी हव म्हटलं. आणि म्हटल्या म्हटल्या विचारलं, "सैपाक सुखाचा का दुखाचा?"

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजे... निरोपाचा," ती म्हणाली.

निरोपाचा असा सैपाक मला वस्तादानं शिकवला नव्हता. लेक सासरी जाते तोही निरोप आणि माणूस घाटावर जाते तोही निरोप.

त्याच्या पुढच्या रविवारी तिचा एक वर्गमित्र घरी आला. अमरावतीत राजापेठेत त्याचा ट्यूशन क्लास आहे. अंगानं भरलेला, बोलका, आल्या आल्या माझ्या पाया पडला. कार्यक्रमाची सगळी उठाठेव त्याच्या अंगावर होती.

"काकाजी, माह्या डोक्शात असं हाये का, रोडगे करू. मांगच्या निंबाखाली गौऱ्या पेटवू, त्याच्या आरात भाजलेले कनकीचे मस्त रोडगे, वांग्याची भाजी, वरनावर तुपाची धार!"

"नवस कोन बोललं?"

"काय?"

"रोडगे नवसाचे असतात. नवस फेडाचा असला तं करतो. तुमी इमारत पडो म्हनून नवस बोलले व्हते का?"

माझी लेक तोंडावर पदर धरून आत गेली. तो कानाला हात लावत म्हणाला, "नाई बा, पोळ्या करा. बरं, बुफे ठेवू नं? लोकाइले फिरत फिरत बोलता येते."

"मानसाच्या हातात ताट देऊन त्याले उभं ठेवनं माह्याच्यानं होत नाई. पंगत बसन."

"सूट-बूटवाले लोक हायेत काकाजी. खाली बसताना शिवन उसवते."

"मंग सैल कपडे घालून या म्हना."

तेही त्यानं मान्य केलं. मग मी माझा प्रश्न विचारला. त्यानं छतावरच्या पंख्याकडे पाहिलं. "काकाजी, वास्तू करतो नं आपन घराची? हे समजा त्याच्या उलटं." मी म्हटलं, "वास्तूच्या उलटं काय असते?" तो म्हणाला, "तेच तं मले समजत नाई." आणि चहा पिऊन गेला.

ठरल्या दिवशी सकाळीच आम्ही छोट्या हत्तीत, म्हणजे टेम्पोत, भांडी घालून अमरावतीला पोचलो. माझे दोन वाढपी सोबत होते, दोघंही माझ्याच वयाकडे झुकलेले, आणि पोळ्या करणाऱ्या बाया होत्या. लेक आधीच पोचली होती. तिनं चांगली निळी पैठणी नेसली होती. तेरवीला कोणी पैठणी नेसत नाही, हे मी मनात धरलं.

मला वाटत होतं, एवढे लोक एवढ्या दुरून ज्याच्यासाठी येतात ते काही तरी भव्य असेल. कचेरीसारखं, निदान मोठ्या शाळेसारखं. पाहतो तर पिवळ्या रंगाची दोन मजली साधी इमारत, खाली काळ्या दगडाचं जोतं, पुढं लांब व्हरांडा. मागं निंबाचं झाड. मी तिला पायापासून गच्चीपर्यंत पाहिलं. ज्या घराला आज पहिल्यांदा पाहतो त्याला आजच निरोप द्यायचा, हे मला अवघड वाटलं. ओळखच झाली नाही तर डोळ्यात पाणी कुठून आणायचं?

निंबाखाली भट्ट्या लावल्या. उत्तर मिळालं नव्हतं, तरी काडी ओढली. माझ्या हयातीत तसं मी पहिल्यांदाच केलं. पण लेकीचा शब्द होता.

लोक यायला लागले. मी झारा हलवता हलवता पाहत होतो. दोन बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि रडता रडता एकीनं दुसरीला म्हटलं, "किती लठ्ठ झाली वं तू!" मग दोघीही हसल्या. एक पांढऱ्या केसांचा माणूस खिडकीतून दिसणाऱ्या वर्गात जाऊन बाकावर बसला, तर दुसरा त्याच्यावर ओरडला, "ऊठ बे, ते माही जागा हाये!" तो म्हणाला, "तू वर्गात होता कई, जागा असाले?" जिन्यावर उभं राहून फोटो काढत होते. भिंतीवरून हात फिरवत होते. एक जण भिंतीला टेकून मोबाइलवर दुकानाचं बोलत होता. मी एकदा इकडे पाहायचो, एकदा तिकडे. बुंदीचा पाक एकतारीचा दोनतारी होत आला, तेव्हा कुठं भानावर आलो.

मग त्यांचे म्हातारे सर आले. त्या डिपार्टमेंटचे जुने प्रमुख, काठी टेकत, पांढरा सदरा. सगळे त्यांच्या पाया पडायला वाकले. मी समजलो, हा घरधनी. हात पुसून त्यांच्यापुढं गेलो. लेकीनं ओळख करून दिली तर ते म्हणाले, "अहो, तुमच्या वांग्याच्या भाजीवर माझे दोन-तीन विद्यार्थी पास झाले."

मी म्हटलं, "सर, एक इचारतो. पिकलं पान गळालं तं त्याची तेरवी बी आनंदाची असते. कोवळं गेलं तं नाई. हे इमारत पिकली का कोवळी? मले तं माह्यापेक्षा लहान दिसते."

सर हसले नाहीत. त्यांनी काठीनं जोत्याला टिचकी मारली. "हा दगड कोट्यवधी वर्षांचा आहे. वरचं सिमेंट तुमच्या-माझ्या डोळ्यांदेखतचं. आता वय कोणाचं धरायचं? आमच्या हिशोबानं तर ही इमारत अजून जन्मलीही नाही."

जन्मलीच नाही तर मेली कशी? मी परत चुलीजवळ आलो. माझा वाढपी विचारत होता, "उस्ताद, काय म्हने? सुखाचं का दुखाचं?" मी म्हटलं, "भाजी पाय, खाली लागून राहिली."

आणि मग ते झालं, ज्यानं माझी पक्की समजूत झाली.

जेवायच्या आधी सगळे इमारतीच्या मागं जमले, माझ्या भट्ट्यांपासून जवळच. सरांच्या हातात कोणी तरी छोटी हातोडी दिली. एका टोकाला चपटी, दगड फोडायची. सर वाकले आणि जोत्याच्या कोपऱ्यावर त्यांनी ठोका मारला. काळा टवका उडाला. तो त्यांनी रुमालात बांधला. मग एकेक जण पुढं आला, हातोडी घेतली, ठोका मारला, टवका उचलला, कोणी कागदात गुंडाळला, कोणी पर्समध्ये ठेवला. मोठ्यानं आधी, मग बाकीच्यांनी. रांगेनं.

मी हे पाहिलं आहे. घाटावर पाहिलं आहे. तिसऱ्या दिवशी राख सावडतात, तेव्हा असंच मोठा आधी वाकतो आणि असंच वेचून फडक्यात बांधतात.

फक्त माझी लेक पुढं गेली नाही. ती निंबाला टेकून उभी होती.

मी वाढप्यांना जवळ बोलावलं. "दुखाचं हाये. एकच चक्कर. कोनाले काई इचाराचं नाई, हसाचं नाई."

"पन बुंदी लय उरन, उस्ताद."

"उरू दे."

व्हरांड्यात पंगत बसली. सूट-बूटवाले मांड्या घालताना कण्हत होते, एकमेकांची टिंगल करत होते. आम्ही गुमान वाढलं. पोळी, भाजी, वरण, भात, बुंदी. एक चक्कर झाली आणि आम्ही तिघं भिंतीशी पाठ लावून, हात बांधून उभे राहिलो. वस्ताद असता तर शाबास म्हणाला असता.

पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं नाही. मग पत्रावळ्या रिकाम्या व्हायला लागल्या. लोक भाजीच्या बादलीकडे पाहायचे, आमच्याकडे पाहायचे, आमचे चेहरे पाहून नजर खाली घालायचे. बोलणं कमी कमी होत गेलं. नागपूरकडच्या एका पाहुण्यानं शेजारच्याला हळूच विचारलं, "भाजी संपली वाटते?" शेजारचा म्हणाला, "मागू नको. मोजकंच केलं असन." क्लासवाला माझ्याकडे पाहून डोळ्यांनी खुणा करत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मागितलं असतं तर दिलं असतं. मागितलं कोणीच नाही. शिकलेले लोक लाजतात.

लेक माझ्याजवळ आली. चेहरा लाल झालेला.

"बाबा, लोक उपाशी उठून राहिले!"

"आवाज करू नको. दुखाच्या पंगतीत आग्रह करत नसतात."

"कोन मेलं?"

मी मान वर करून व्हरांड्याचं छत दाखवलं.

तिला रागवायचं होतं, मला दिसत होतं. पण ती रागावली नाही. तिनंही छताकडे पाहिलं, पाहतच राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी भांडून तुमचं नाव सांगतलं बाबा. सगळ्याइच्या समोर. आज ते अर्धपोटी गेले तं मी कोन्या तोंडानं भेटू त्याइले?"

"मंग सांग नं, सुखाचं हाये म्हून. एक डाव सांग. आत्ता वाढतो."

"मले नाई सांगता येत."

"मंग?"

"दुखाचं असन तं घरची लेक मी हाव. लेकीनं वाढलं तं चालते का?"

वस्तादानं असं काही सांगितलंच नव्हतं. मी आठवून पाहत होतो, तोवर तिनं पैठणीचा पदर कमरेला खोचला, भाजीच्या बादलीतली पळी घेतली, बादली उचलली आणि पंगतीत शिरली.

"ए, पत्रावळ पुढं कर. लाजतो काहून? डबा पळवताना लाजत नव्हता."

"अवं, बस कर!"

"बस कसं? होस्टेलवर बोटं चाटत होता."

कोणी तरी मोठ्यानं हसलं. मग जे तुंबलं होतं ते एकदम सुटलं. इकडून "भाजी!" तिकडून "वरण!" क्लासवाला ओरडला, "सरांचा भूगर्भ भरा आधी!" पण लेकीला वाढता कुठं येते? पळी धरायची तर ती चमच्यासारखी धरत होती. रस एकाच्या बुंदीत सांडला, एकाच्या गुडघ्यावर सांडला. ते पाहणं मला शक्य नव्हतं. बुंदीही थंड होऊन राहिली होती. म्हणून, फक्त म्हणून, मी परात उचलली. माझा नियम मी मोडला असं कोणी समजू नये.

सरांपुढं गेलो. त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. हात आपोआप पुढं गेला आणि बुंदी त्यांच्या बोटांच्या फटीतून खाली पडली.

सर म्हणाले, "अहो, साखर आहे मला."

"आज राहू द्या," मी म्हटलं. आज काय राहू द्या, साखर की आणखी काही, ते मला तरी कुठं माहीत होतं.

त्यांनी खाल्ली. खाता खाता म्हणाले, "फार सुंदर झाली." आणि ऐकायचं की नाही हे ठरवायच्या आत मी ऐकून बसलो. मग विचारलं, "सर, ते टवके कशापाई नेऊन राहिले? सावडल्यावानी?"

"सावडल्यासारखं?" ते घास हातात धरून थांबले. "तसं कधी सुचलं नाही मला. वर्गाच्या पहिल्या दिवशीही प्रत्येकाला मी हातोडी द्यायचो, म्हणायचो, याच जोत्यापासून सुरू करा, हाच तुमचा पहिला दगड. तो कोपरा बघा, उगाच नाही तासल्यासारखा झाला." मग म्हणाले, "तुम्ही म्हणता तेही खरं असेल."

पहिल्या दिवशीही तेच आणि शेवटच्या दिवशीही तेच. म्हणजे मी पाहिलं ते काय पाहिलं? मी दुसऱ्या पंगतीला बसलेल्या बायांना वाढायला गेलो. काही विचारलं नाही. विचारून विचारून माझं डोकं दुखायला लागलं होतं.

बुंदी उरली नाही. भाजीचा गंज लोकांनी पोळीनं पुसून खाल्ला. जाताना प्रत्येक जण लेकीला म्हणत होता, बाबांच्या हाताला तीच चव आहे. ती मान हलवत होती, हसत होती. पण शेवटची गाडी निघेपर्यंत ती स्वतः जेवली नव्हती, हे माझ्या लक्षात होतं.

भांडी छोट्या हत्तीत चढली. एक भट्टी अजून धगधगत होती. इथं मी पुन्हा अडलो. सुखाच्या सैपाकाची आग आपली आपण विझू द्यायची असते. दुःखाची असेल तर पाणी टाकून विझवायची आणि मागं न पाहता निघायचं. मी पाण्याची बादली भरून भट्टीजवळ आणून ठेवली आणि तिच्याकडे पाहत उभा राहिलो.

लेक आली. मी तिच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट तिनं घेतलं आणि भट्टीजवळच उपड्या गंजावर बसली, पैठणीसकट.

मी विचारलं, "तू ठोका काहून नाई मारला?"

"माह्याच्यानं नाई मारल्या गेला." तिनं पोळीचा तुकडा तोडला. "मारावं वाटे. पन हात उचलल्याच जाये ना."

"मंग टवका नाई तुह्यापाशी."

"नाई."

"पायजे होता का?"

तिनं तुकडा भाजीत बुडवला. एवढी शिकली, कोट्यवधी वर्षांचं सांगते, मला वाटत होतं शेवटी तरी ही मला नीट समजावून सांगेल. "मले समजत नाई बाबा," ती म्हणाली. "तुमी दिवसभर इचारून राहिले, अन् मी दिवसभर तेच इचार करून राहिली. मले खरंच नाई समजत. भूक लय लागली फक्त."

मी तिच्या ताटात भाजी वाढली. तिनं हात आडवा धरला नाही, म्हणून आणखी वाढली. पैठणीच्या काठावर राख उडून बसली होती. तिनं झटकली नाही. समोर इमारत जशीच्या तशी उभी होती. नेमकी कधी पाडणार, हे दिवसभर कोणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात तिकडून चौकीदार आला, हातात किल्ल्यांचा जुडगा वाजवत. "ओ काकाजी, आग विझवा बरं आता. मले कुलूप लावाचं हाये."

मी बादली पायानं मागं सरकवली.

"थांब जरासा," मी म्हटलं. "लेक जेवून राहिली, दिसत नाई का?"